वाकडा केस

मला तोंड नाही. आहेत ते केस, आणि तेही मोजकेच. शरमेने मान खाली घालू म्हटलं तरी जमत नाही, कारण काम नसलं की कुंचल्याला केस वर करूनच उभं ठेवतात. मी शून्य नंबरचा, म्हणजे अगदी बारीक, कुंचला बोलतोय. काचेच्या एका पेल्यात उभा आहे. समोरच्या फळ्यावर कुणीतरी तीन शब्द लिहिलेत, ते रोज वाचतो. ते तिथे का आले, हे दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे ओळीने बायका बसत. माझी जन्मदाती केसांची चिमूट एका पितळी पेल्यात उभी करायची आणि पेला टेबलावर टकटक आपटायची, म्हणजे सगळे केस बुडाशी सारखे बसत. चांगल्या कुंचल्याचं टोक कात्रीने कापत नाहीत. केसाचं स्वतःचं निमुळतं टोक असतं, तेच ठेवतात. म्हणून एखादा चुकार केस असला तर तो आधीच बोटाने चाचपून उपटायचा, हा तिचा नेम. माझ्या वेळी शेजारणीने काहीतरी हसण्यासारखं सांगितलं. ही हसली, आणि हसता हसता एक केस राहून गेला. धातूच्या टोपीत तो पक्का बसला. कोरडा असला की सरळ, पण ओला झाला की टोकाशी आकड्यासारखा वळायचा.

तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. उलट वाटायचं, आपलं काहीतरी वेगळं आहे.

दुकानातल्या डब्यात उभा असताना मी आभाळ रंगवायची स्वप्नं बघत होतो. फुलं, पाखरं, गेलाबाजार एखादी पाटी तरी. आणि मला विकत घेतलं ते माश्या ढकलायला.

मला घेणारी होती चिलू. लहानपणी ती इतकी बारीक होती की तिचे बाबा तिला चिलट म्हणत, चिलटाची झाली चिलू. पुढे खूप शिकली, एका प्रयोगशाळेत लागली, आणि काम मिळालं तेही चिलटांचंच. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या त्या लाल डोळ्यांच्या बारक्या माश्या असतात ना, त्याच. बाबा फोनवर विचारत, "काय गं, आज भावंडं कशी आहेत तुझी?" ती म्हणायची, "मजेत आहेत. तुमच्यापेक्षा जास्त ऐकतात माझं."

पहिल्याच दिवशी तिने मला अंबाड्यात खोचलं. लिहिताना, चहा पिताना, जिना चढताना मी तिथेच. रोज सकाळी तेलाचा मंद वास यायचा. मी सुखात होतो, हे कबूल करतो.

काम माझ्या जातीला शोभेल असं नव्हतं, पण नाजूक होतं. माश्या काचेच्या कुप्यांमध्ये राहत, तोंडाला कापसाचा बोळा. बघायच्या झाल्या की चिलू त्यांना एका पांढऱ्या पाटावर ओतायची. त्या पाटातून गॅस यायचा आणि त्या निजायच्या. मग भिंगाखाली मी त्यांना हलवायचं. नर इकडे, माद्या तिकडे. कुणाचा पाय मोडता कामा नये, पंख चुरगळता कामा नये. केसालाही धक्का न लावता म्हणतात, ते माझं रोजचं काम. निजलेल्या माश्या नव्या कुपीत घातल्या की कुपी आडवी ठेवायची, नाहीतर त्या ओल्या अन्नात तोंडावर पडून चिकटतात. जाग्या होऊन चालायला लागल्या की मगच उभी करायची.

हे सगळं कशासाठी? एकदा एक शेजारीण चिलूला भेटायला आली होती, तिला चिलूने समजावलं, तसंच सांगतो.

"माशीच्या अंगावर धूळ उडव. ती काय करते बघ. आधी तोंड धुते. पुढचे दोन पाय एकमेकांवर घासते, मग डोळ्यांवरून फिरवते. तोंड झालं की पोट. मग शेवटी पंख. कधी उलटं नाही करत."

"अगंबाई, माझी मुलं एवढं करतील तर!" शेजारीण म्हणाली.

"तेच तर. हिला कुणी शिकवलं? मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा. त्यात हा क्रम कोण राखतं, ते आम्ही शोधतोय."

शोधायची रीत अशी. माश्यांची दोन घराणी होती. एकात मेंदूतल्या अशा मूठभर पेशी ताब्यात घेता यायच्या, ज्या 'तोंड धू' असा हुकूम देतात. ते तोंडवाले. दुसऱ्यात 'पंख पूस' म्हणणाऱ्या पेशी. ते पंखवाले. दिसायला दोन्ही अगदी सारखे. या घराण्यांतल्या कोऱ्या, म्हणजे अजून कुठल्याच नराशी गाठ न पडलेल्या, माद्यांची गाठ एका तिसऱ्याच नराशी घालायची, की होणाऱ्या पिल्लांच्या त्या पेशींना प्रकाश कळायला लागतो. मग लाल दिवा लावला की तोंडवालीची लेक, अंगावर धुळीचा कण नसतानाही, तोंड धुवायला बसते. दिवा बंद, धुणं बंद. पहिल्यांदा हे झालं तेव्हा चिलूने आनंदाने मला अंबाड्यातून काढून हवेत फिरवलं होतं.

पण नुसता प्रकाश पुरत नाही. माश्यांच्या अन्नात एक औषध घालावं लागतं, त्याशिवाय त्या पेशी प्रकाशाने जाग्या होत नाहीत, आणि ते उष्णतेने मरतं. म्हणून अन्न शिजवून पातेलं निवलं की मगच घालायचं. आणि इथे मावशी येतात.

मावशी बारा वर्षं त्या पातेल्याशी उभ्या होत्या. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट करणारी पूड, वजनकाट्यावर तोलून, गुठळी न होऊ देता ढवळायच्या. कुणी म्हणे, "मावशी, चिलटंच तर खाणार आहेत." त्या म्हणायच्या, "खाणाऱ्याच्या आकारावर स्वयंपाक ठरतो होय?" पातेलं निवलं का, हे त्या थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला घेऊन बघत, तान्ह्याचं दूध बघतात तसं. मग औषध. मग फळ्यावर पातेल्याचा नंबर, तारीख, आणि ठसठशीत अक्षरात 'ठीक'. देवापुढे दिवा लावावा तसं मन लावून.

माझा वाकडा केस पहिल्यांदा दिसला तो त्यांनाच. चिलू अन्न न्यायला आली होती आणि मी अंबाड्यात ओला होतो.

"हा बघ, एक केस वळलाय तुझ्या कुंचल्याचा. थांब, कात्री आणते."

"नको हो मावशी! तोच तर कामाचा आहे. माशी उलटी करायची झाली की त्याच्या टोकाने अलगद होते."

"बघ बाई. वाकडं ते वाकडंच."

मी मनात फुशारलो. मला वाटलं, चला, वाचलो.

ती संध्याकाळ सांगायला जड जातं.

कोऱ्या माद्या निवडणं म्हणजे व्रतच असतं. जन्मल्यापासून आठ तासांच्या आत त्यांना वेगळं काढावं लागतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ, चुकवायचं नाही, मग ताप असो की घरी पाहुणे असोत. आणि एका घराण्याचं काम संपलं की कुंचला स्पिरिटमध्ये बुडवायचा, पुसायचा, भिंगाखाली बघायचा, मगच दुसऱ्या घराण्याला हात लावायचा. चिलू हे रोज करायची. रोज. फक्त त्या दिवशी नाही. पंखवाल्या माद्या काढून झाल्या, तोंडवाल्यांची कुपी हातात घेतली, आणि फोन वाजला. बाबा जिन्यावरून पडले होते. फार लागलं नव्हतं, पण आईचा आवाज कापत होता. चिलू खांद्याने फोन कानाशी धरून बोलत राहिली, "घोटा सुजलाय का? बर्फ लावलास का?" आणि तिचा हात आपोआप काम करत राहिला.

मी जरा ओलसरच होतो, आणि माझ्या केसांत काहीतरी अडकलं होतं. मला कळत होतं! पंखवाली एक मादी, गाढ झोपलेली, वाकड्या केसाच्या आकड्यात तिचा पाय गुंतलेला. मी थरथरलो नाही, जड झालो नाही, काहीच केलं नाही. करता आलं नसतं म्हणा. पण मला जे वाटलं ते खोटं का बोलू? मला वाटलं, एक तर आहे, काय होतंय. तोंडवाल्या माद्यांना ढकलताना ती त्यांच्यातच उतरली. पाय मात्र तुटून माझ्याजवळ राहिला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. तिनेही त्याच नराशी घर केलं. महिन्याभराने त्या कुपीतली पिल्लं दिव्याखाली ठेवली, तर काही तोंड धुवायची आणि काही सरळ पंख पुसायला लागायची. सगळा क्रम मोडलेला.

प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी सगळ्यांना बोलावलं. वर्षभराचं काम लिहून पाठवायच्या बेतात होते ते. "याचा अर्थ औषध पुरेसं पोचलं नाही. तोंडाच्या पेशी अर्धवट जाग्या होतायत, म्हणून माशी तोंड सोडून पुढे जातेय. अन्न गरम असताना औषध घातलं गेलं." मग चिलूकडे वळून, "तुझा हात स्वच्छ होता ना? कुंचला दरवेळी बघत होतीस भिंगाखाली?"

"हो सर."

दोन शब्द. ती खोटं बोलतेय असं तिलाही वाटलं नसेल. जे रोज करतो ते त्या दिवशीही केलंच असेल, असं मन सांगतं आपलं. मी तिच्या डोक्यावर होतो. मला ठाऊक होतं.

मावशींना बोलावलं. त्या पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या.

"मी कधीच गरम अन्नात घालत नाही. मनगटावर घेऊन बघते."

"मनगट म्हणजे काही थर्मामीटर नव्हे, मावशी."

"बरं. पण सर, एक विचारू? त्याच पातेल्यातलं अन्न बाकीच्या कुप्यांनीही खाल्लं की. आमटी नासली तर पंगतीतल्या सगळ्यांचंच पोट बिघडतं. त्यांना का नाही बाधलं?"

सर हसले. वाईट मनाने नाही हसले, पण हसले. "मावशी, हे नाही कळायचं तुम्हाला."

चिलू खाली बघत होती. म्हणजे मी समोर, मावशींच्या तोंडाकडे बघत होतो. तिची मान झुकली की मला समोरचं दिसायचं. तो चेहरा मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून पातेलं दुसऱ्याकडे गेलं आणि मावशींना कुप्या धुवायला बसवलं. फळ्यावर त्यांच्या 'ठीक' वर रेघ मारून कुणीतरी लिहिलं, 'औषध गरम अन्नात. बाद.' येणारा-जाणारा वाचायचा. मावशींचे हात गरम पाण्याने आणि सोड्याने चिरमुटले. एकदा दुसऱ्या एका धुणाऱ्या बाईशी बोलताना मी त्यांना ऐकलं, "सून विचारते, आई, हाताला काय झालं? म्हटलं, काही नाही गं. पण बारा वर्षांत माझ्या अन्नाला कुणी नाव ठेवलं नव्हतं."

केसाने गळा कापणं म्हणतात. बोलायची रीत आहे ती. मी ते खरोखरीचं केलं, आणि ज्या बाईने आधीच सावध केलं होतं तिचाच.

आठवडे गेले. चिलूने तीच कुपी पुढे चालवली. आता औषध ती स्वतः घालायची, थर्मामीटर लावून, आकडा लिहून. दिवा लावला. काही माश्यांनी तोंड धुतलं. काहींनी पंख पुसले. पूर्वीसारखंच.

चिलूने उठून जुनी वही काढली. मावशींच्या त्या 'बाद' पातेल्यातलं अन्न आणखी कुणाकुणाला गेलं होतं? नऊ कुप्यांना. नऊच्या नऊ कुप्यांतल्या माश्यांनी नेमाने आधी तोंड धुतलं होतं. चिलू पुटपुटली, "पंगतीतल्या सगळ्यांचं पोट..." आणि थांबली.

मग वहीत त्या तारखेवर बोट गेलं. एकाच संध्याकाळी, एकाच जागी, आधी पंखवाल्या, मग तोंडवाल्या. समासात तिच्याच अक्षरात: 'बाबा पडले. घोटा.'

तिचा हात हळूहळू अंबाड्याकडे आला. केस सुटून पाठीवर पसरले. तिने मला भिंगाखाली धरलं. मी कितीतरी जणींना त्या उजेडात आडवं केलं होतं, पण स्वतः कधी तिथे निजलो नव्हतो. सगळं दिसतं तिथे. वाकडा केस दिसला, आणि त्याच्या मुळाशी सरकून गुरफटलेला, वाळलेला, काळपट पाय. इतके दिवस स्पिरिटमध्ये बुडूनही तो सुटला नव्हता, आणि रोज ती भिंगाखाली बघायची ते फक्त माझं टोक.

"अरे देवा," ती एवढंच म्हणाली.

तिने मला तिथेच टाकलं असतं, मोडलं असतं, तरी मला राग आला नसता. तिने मला पुसलंही नाही. दोन दिवस तिने त्या पंख पुसणाऱ्या माश्यांची तपासणी केली. त्या पंखवाल्यांच्याच लेकी निघाल्या, शंकाच नको. त्या दोन दिवसांत ती मावशींच्या समोरून तीनदा गेली आणि तीनदा काहीतरी विसरल्यासारखं करून मागे फिरली. घाबरत होती बिचारी. 'हो सर' हे दोन शब्द परत घ्यायचे म्हणजे नाव जातं, वर्ष जातं, सरांचा विश्वास जातो. मला तिचं कळत होतं. मी तर काहीच न बोलणाऱ्यातला.

शुक्रवारी सगळे जमतात. चिलू उभी राहिली. मोकळे केस, मी हातात.

"सर, अन्न चांगलं होतं. चूक माझी आहे. मी त्या दिवशी कुंचला बघितला नव्हता, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा हो म्हणाले."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. "लेख थांबवावा लागेल," ते म्हणाले.

"हो सर."

हे 'हो सर' निराळं होतं. मी दोन्ही ऐकलेत, मला फरक कळतो.

मग सर म्हणाले, "त्यांनी मला विचारलं होतं. बाकीच्यांना का नाही बाधलं म्हणून. मी हसलो." उठून स्वयंपाकाच्या खोलीत गेले, मावशींच्या मागे उभे राहिले, घसा खाकरला. "मावशी, उद्यापासून पातेलं तुमच्याकडे." एवढं बोलून निघूनच गेले. माफी त्यांच्या ओठांपर्यंत आली होती, मी बघितली. पण काही माणसांची तिथून पुढे येत नाही.

चिलूची आली. फडकं ओलं करून तिने फळ्यावरचं ते 'बाद' पुसलं, चांगलं घासून पुसलं, आणि लिहिलं: 'अन्न चांगलं होतं.'

मावशी कुप्या सोडून आल्या. फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाच बघू काय लिहिलंयस. चष्मा नाहीये माझ्याजवळ."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

चिलूने तो बघितला. मीही बघितला. तिने ते तीन शब्द मोठ्याने वाचले. मग पुन्हा एकदा वाचले, कारण पहिल्यांदा आवाज फुटला नव्हता.

"हं," मावशी म्हणाल्या. "आता ऐकू आलं." आणि हात पुसून म्हणाल्या, "बाबांचा घोटा कसा आहे गं?"

तेव्हा मात्र चिलू रडली.

तिने मला कचऱ्याच्या डब्याशी नेलं. मी तयार होतो. मावशींनी तिचं मनगट धरलं. "त्याला कशाला टाकतेस? कुंचल्याला काय कळतं? हात कुणाचा होता?"

मावशींना नाही ठाऊक, मला कळत होतं. पण त्यांनी मला निर्दोष ठरवलं, आणि तेच मला जास्त लागलं.

त्यांनी ड्रॉवरमधून बारकी कात्री काढली, भिंग मागितलं, पाय सोडवला आणि तो वाकडा केस मुळाशी कापला. "हे त्या दिवशीच झालं असतं," एवढंच म्हणाल्या. दुखलं नाही. हलकं वाटलं.

तेव्हापासून मी इथे आहे, स्वयंपाकाच्या खोलीत, वजनकाट्याजवळ. पूड तोलून झाली की तबकडीवर उरलेली कणी झाडायचं काम माझं. माश्यांना मी आता शिवत नाही, आणि चिलूच्या अंबाड्यात दुसरा कुंचला असतो. तिने सगळं काम पहिल्यापासून सुरू केलंय. रोज, दोन घराण्यांच्या मध्ये, ती तो नवा कुंचला भिंगाखाली धरते आणि तोंडाने म्हणते, "बघितला." कुणी ऐकत नसलं तरी म्हणते.

फळा भरला की पुसला जातो, नवं पातेलं, नवा नंबर, नवं 'ठीक'. पण मावशी पुसताना त्या तीन शब्दांच्या कडेकडेने फडकं फिरवतात. खडू फिकट झालाय, तरी वाचता येतो.

कधी कधी एखादी सुटलेली माशी काट्याच्या कडेवर येऊन बसते आणि सावकाश पुढचे पाय घासून तोंड धुते, कुणी दिवा लावलेला नसताना. मावशी तिला हाकलत नाहीत. मला तिचा हेवा वाटतो. मला हात असते, तर मीही आधी तेच केलं असतं.

तुमच्या हातात माझा एखादा भाऊबंद असेल, कुठल्याही कामात, तर एवढी विनवणी ऐका. फोन वाजला तर त्याला खाली ठेवा. आणि अन्नाला नाव ठेवायच्या आधी विचारा, पंगतीत बाकीचे कसे आहेत.

मावशींनी पातेलं उतरवलंय. मनगटावर थेंब घेतलाय. थांबल्यात.

अजून गरम आहे.